सुमेरी भाषा, लिपी आणि मातीच्या पाट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुमेर म्हणजे नेमका कोणता प्रदेश आणि कोणता काळ?

आजच्या इराकचा दक्षिण भाग, म्हणजे साधारण बगदादच्या खालचा युफ्रेटिस आणि टायग्रिस नद्यांचा गाळाचा सपाट प्रदेश. उर, उरुक, निप्पुर, गिर्सू, उम्मा, एरिदू ही त्यातली प्रमुख शहरे. सर्वांत जुने लेखन उरुकच्या एआन्ना या मंदिर-परिसरात मिळाले. ते इ.स.पू. ३३०० ते ३००० या काळातले आहे आणि त्या पाट्यांची संख्या पाच हजारांच्या घरात जाते. त्यांतल्या बहुतेक पाट्या हिशेबाच्या आहेत: धान्य, मेंढ्या, माणसे, बिअर. उरलेल्या पाट्या शब्दांच्या याद्या आहेत, लिहायला शिकणाऱ्यांसाठी केलेल्या. त्या काळात कथा नाही, स्तोत्र नाही, राजाचे चरित्रही नाही.

बोलभाषा म्हणून सुमेरी इ.स.पू. २००० च्या आगेमागे मागे पडली आणि तिची जागा अक्कादी भाषेने घेतली. शाळांत आणि मंदिरांत मात्र ती पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे शिकवली आणि गायली जात होती. सुमेरी आणि अक्कादी दोन्ही कीलाक्षर लिपीत, म्हणजे खिळ्यांच्या आकाराच्या ठशांनी, लिहीत. या लिपीतली कालनिश्चिती करता येण्याजोगी अगदी शेवटची पाटी इसवी सनाच्या पहिल्या शतकातली आहे.

सुमेरी कोणत्या भाषाकुळातली? तमिळशी, संस्कृतशी किंवा मराठीशी तिचे नाते आहे का?

कोणत्याही ज्ञात कुळाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. ती एकाकी भाषा आहे.

समाजमाध्यमांवर सुमेरी-तमिळ आणि सुमेरी-मराठी शब्दांच्या लांबलचक याद्या फिरतात. त्या तपासायची पद्धत सोपी आहे. नाते सिद्ध व्हायला ध्वनींचे नियमित प्रतिरूप लागते: एका भाषेतल्या अमुक ध्वनीच्या जागी दुसऱ्या भाषेत दर वेळी तमुक ध्वनी. सुमेरी शब्द एक-दोन अक्षरांचे, स्वर फक्त चार. अशा भाषेत योगायोगाने जुळणारे पन्नास शब्द जगातल्या कुठल्याही भाषेशी काढून दाखवता येतात, आणि हंगेरी, तुर्की, बास्क भाषांशी ते काढून दाखवलेही गेले आहेत. शिवाय अशा याद्यांत सुमेरी शब्द जुन्या, आता टाकून दिलेल्या वाचनानुसार घेतलेला असतो किंवा त्याचा अर्थ ताणलेला असतो. शब्द कोणत्या पाटीवर, कोणत्या ओळीत आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

जिचे कुळच माहीत नाही ती मेलेली भाषा वाचता कशी आली?

अक्कादीच्या आधाराने. आणि अक्कादी वाचता आली जुन्या फारसीच्या आधाराने.

ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने १८०२ मध्ये जुन्या फारसी कीलाक्षरांतली राजांची नावे ओळखली. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर पहिल्या दारयवहू (डेरियस) या इराणी सम्राटाचा लेख जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत कोरलेला आहे. त्याच्या नकला हेन्री रॉलिन्सनने उतरवून घेतल्या. हा मूळचा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. बाबिलोनी, म्हणजेच अक्कादी, ही सेमिटिक भाषा असल्याने अरबी आणि हिब्रूची मदत झाली. एका चिन्हाला अनेक उच्चार असतात हे उलगडण्यात एडवर्ड हिंक्स या आयरिश धर्मगुरूचा वाटा फार मोठा आहे आणि त्याचे नाव विनाकारण मागे राहते. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपेर या चौघांकडून एकाच लेखाची स्वतंत्र भाषांतरे मोहोरबंद पाकिटांत मागवली. ती मुख्य मुद्द्यांवर जुळली आणि वाद मिटला.

या लिपीत आणखी एक भाषा दडली आहे हे तोवर लक्षात येऊ लागले होते. १८६९ मध्ये ओपेरने तिला ‘सुमेरी’ हे नाव दिले. जोसेफ आलेवी हा विद्वान मात्र ही भाषाच नव्हे, पुरोहितांची गुप्त लेखनपद्धती आहे असे कित्येक वर्षे मांडत राहिला. १८७७ पासून तेल्लो येथे, म्हणजे प्राचीन गिर्सूत, उत्खनन सुरू झाले आणि निव्वळ सुमेरी लेख ढिगाने बाहेर आले. त्यापुढे तो पक्ष टिकला नाही.

शब्दांचे अर्थ मुख्यतः द्विभाषिक याद्यांतून मिळतात. बाबिलोनी विद्यार्थ्यांसाठी डावीकडे सुमेरी, उजवीकडे अक्कादी असे कोश तयार केलेले होते. यात एक धोका आहे: अक्कादी प्रतिशब्दाच्या सगळ्या छटा सुमेरी शब्दाला लावल्या जातात. म्हणून अर्थ ठरवताना कोशातली नोंद आणि प्रत्यक्ष वापर, दोन्ही पाहावे लागतात.

एकाच चिन्हाचे इतके उच्चार का?

कारण चिन्ह शब्दासाठीही वापरतात आणि अक्षरध्वनीसाठीही. ‘तोंडाचे’ चिन्ह घ्या. ‘क’ वाचले तर तोंड, ‘इनिम’ वाचले तर शब्द, ‘दुग’ वाचले तर बोलणे, ‘झु’ वाचले तर दात. कोणते वाचन घ्यायचे ते संदर्भावरून आणि पुढच्या प्रत्ययाच्या पहिल्या व्यंजनावरून ठरते.

उलट बाजूने, एकाच उच्चाराची अनेक चिन्हे असतात. म्हणून लिप्यंतरात आकडे लावतात: दु, दु२, दु३. हे आकडे उच्चार किंवा सूर दाखवत नाहीत. पाटीवर कोणते चिन्ह आहे एवढेच ते सांगतात. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. आकडा गाळून शब्दकोशात शोधले की भलताच शब्द हाती येतो.

यांखेरीज निर्धारक चिन्हे असतात. ती लिहितात, पण उच्चारत नाहीत. देवाच्या नावाआधी ‘दिङिर’, लाकडी वस्तूआधी ‘ङेश’, गावाच्या नावानंतर ‘कि’. ती ओळखता आली की अनोळखी ओळीतही हे देवाचे नाव, हे गाव, ही लाकडी वस्तू एवढे लगेच कळते.

व्याकरण किती अवघड आहे?

नामाचा भाग मराठी माणसाला पटकन उमगतो, क्रियापद मात्र दमवते. उर-नम्मु राजाच्या इ.स.पू. २१०० च्या सुमाराच्या बांधकाम-लेखातल्या या ओळी पाहा:

(दिङिर)नन्ना / लुगल-अ-नि / उर-(दिङिर)नम्मु / लुगल उरिम५-(कि)-म-के४ / ए२-अ-नि / मु-न-दु३

अर्थ: ‘नन्ना या आपल्या स्वामीसाठी उरचा राजा उर-नम्मु याने त्याचे घर बांधले.’ नन्ना हा देव, म्हणून घर म्हणजे देऊळ.

‘लुगल’ राजा किंवा स्वामी, ‘अनि’ त्याचा. ‘साठी’चा प्रत्यय ‘र’ इथे असायला हवा, पण स्वरानंतर तो नुसता ‘र्’ उरतो आणि या काळात बहुधा लिहीत नाहीत. चौथी ओळ नीट सोडवून पाहण्यासारखी आहे. गावाचे नाव ‘उरिम’. त्याला ‘चा’ या अर्थाचा ‘अक’ आणि ‘ने’ या अर्थाचा ‘ए’ लागला: उरिम-अक-ए. लिहिताना ‘म’ पुन्हा आला आणि ‘क’ व ‘ए’ मिळून ‘के४’ हे एक चिन्ह झाले. ‘ने’ राजाच्या नावाला चिकटलेला नाही, सगळ्या पदसमूहाच्या शेवटी आला आहे. क्रियापदात ‘दु३’ म्हणजे बांधणे, ‘न’ म्हणजे त्याच्यासाठी. ‘त्याने’ दाखवणारा ‘न्’ धातूच्या आधी असतो, पण तो लिहिलेला नाही. ‘मु’ या उपसर्गाच्या नेमक्या कार्यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

‘रामाने घर बांधले’ मध्ये कर्त्याला ‘ने’ लागतो आणि ‘राम आला’ मध्ये लागत नाही. सुमेरीतही सकर्मक क्रियेच्या कर्त्यालाच ‘ए’ लागतो. ‘मी घर बांधले’ मध्ये ‘मी’ला जसा वेगळा प्रत्यय नसतो, तसाच सुमेरीत ‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांनाही नसतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजावायला पाने खर्ची पडतात. मराठी वाचकाला ते घरचेच आहे. फरक इतकाच की मराठीत ‘ने’ काळावर अवलंबून असतो, सुमेरीत नामाचा ‘ए’ सगळ्या काळांत राहतो. हे साम्य रचनेपुरते आहे, त्यातून नाते निघत नाही.

अगदी नवख्याने कोणत्या प्रकारची पाटी आधी वाचावी?

उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातली पावती. या शंभरेक वर्षांतल्या जवळपास एक लाख पाट्या माहीत आहेत, अक्षर बहुधा स्वच्छ असते आणि साचा ठरलेला असतो. निप्पुरजवळच्या द्रेहेम येथे सरकारी जनावरांची मोठी छावणी होती. तिथल्या पावतीचा सांगाडा असा:

१. संख्या आणि वस्तू: ‘५ उदु’, पाच मेंढ्या.
२. कोणाकडून: ‘कि अब्ब-सग-त’. ‘कि ... त’ म्हणजे ‘च्याकडून’. अब्बसगा हा तिथला बडा अधिकारी.
३. कोणी घेतले: ‘नलु इ३-दब५’, नलुने ताब्यात घेतले. जनावरे असतील तर ‘इ३-दब५’, धान्य, लोकर, चांदी असेल तर बहुधा ‘शु ब-ति’.
४. महिना: ‘इतु’ आणि त्यापुढे महिन्याचे नाव. महिन्यांची नावे शहरागणिक वेगळी. उम्माच्या पाटीला द्रेहेमची दिनदर्शिका लावली की तारीख चुकते.
५. वर्ष: ‘मु अमर-सुएन लुगल-ए उर्बिलुम मु-हुल’, म्हणजे ‘राजा अमर-सुएनने उर्बिलुम उद्ध्वस्त केल्याचे वर्ष’.

वर्षांना क्रमांक नव्हते, घटनांवरून नावे असत. हे अमर-सुएनचे दुसरे वर्ष, प्रचलित कालगणनेनुसार इ.स.पू. २०४५ च्या सुमाराचे. याच ओळीत पहिला ‘मु’ म्हणजे वर्ष आणि शेवटचा ‘मु’ म्हणजे क्रियापदाचा उपसर्ग. चिन्ह एकच.

वाचून झाले की पाटीच्या डाव्या कडेचा फोटो पाहा. द्रेहेमच्या पाट्यांवर तिथे बऱ्याचदा जनावरांची एकूण संख्या असते. तुमची बेरीज तिच्याशी जुळली नाही तर आधी स्वतःचे वाचन तपासा. एक उभा खिळा १ दाखवतो आणि किंचित मोठा उभा खिळा ६०. गडबड बहुधा तिथेच असते.

आकडे ६० च्या पटीत का असतात? सगळीकडे तसेच आहे का?

मोजदाद १०, ६०, ६०० अशा पायऱ्यांनी चढते. पण उरुकच्या जुन्या पाट्यांत जिन्नस बदलला की पद्धतही बदलते. छोटे गोल चिन्ह मेंढ्या मोजताना दहा एककांचे, जव मापताना सहा एककांचे आणि शेत मापताना अठरा एककांचे असते. काय मोजले आहे हे कळल्याशिवाय बेरीज करू नका. ‘२९,०८६ मापे जव, ३७ महिने, कुशिम’ अशी नोंद असलेली उरुक काळातली एक पाटी प्रसिद्ध आहे. तिचा आकडा याच मापनपद्धतीतून निघतो. कुशिम हे माणसाचे नाव की हुद्दा, यावर मतभेद आहेत.

पुढच्या काळातली मापे लक्षात ठेवायला सोपी आहेत. १ सिला म्हणजे साधारण १ लिटर, ३०० सिला म्हणजे १ गुर. ६० गिन म्हणजे १ मना, सुमारे अर्धा किलो, आणि ६० मना म्हणजे १ गू. उरच्या तिसऱ्या राजवंशात कामकरी पुरुषाला महिना ६० सिला आणि बाईला ३० सिला जव हे नेहमीचे प्रमाण होते. पावतीत हे आकडे दिसले की शिधावाटप चालले आहे असा तर्क करायला हरकत नाही.

सुमेरी उच्चार देवनागरीत लिहिता येतात का?

बऱ्यापैकी. ‘ङ’ हा ध्वनी सुमेरीत खरोखर होता आणि देवनागरीत त्याला अक्षर आहे. जुन्या पुस्तकांत तो ‘न्ग’ असा लिहिल्याने ‘दिङिर’चे ‘दिन्गिर’ झाले. मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेले उच्चार अक्कादी बोलणाऱ्यांच्या कानांतून आलेले आहेत. यूट्यूबवरचे ‘अस्सल सुमेरी उच्चारातले’ पठण ऐकताना ही मर्यादा ध्यानात ठेवा.

शाळेत मुले काय शिकत?

निप्पुरमध्ये १९५१-५२ च्या उत्खननात एका छोट्या घरात सुमारे १,४०० पाट्या आणि तुकडे सापडले. अभ्यासक त्याला ‘एफ घर’ म्हणतात. ते इ.स.पू. अठराव्या शतकातले आहे. आधी खिळे उमटवण्याचा सराव, मग ‘तु-त-ति, नु-न-नि, बु-ब-बि’ अशी अक्षरमाला. आपल्या बाराखडीसारखीच ही स्वर बदलत जाते, फक्त क्रम उ-अ-इ. त्यानंतर माणसांची नावे, मग लाकडी वस्तूंपासून सुरू होणाऱ्या लांब याद्या, कोष्टके, म्हणी आणि शेवटी स्तोत्रे व कथा.

एका प्रकारच्या पाटीवर डावीकडे गुरुजींचा कित्ता आणि उजवीकडे विद्यार्थ्याची नक्कल असते. उजवी बाजू पुन्हा पुन्हा पुसून लिहिल्याने पातळ झालेली असते. मागे आधीच्या धड्याची उजळणी. अभ्यासक्रमाचा क्रम याच जोडीवरून ठरवता आला: पुढे नवा धडा, मागे जुना. वापरलेल्या पाट्या भिजवून माती पुन्हा मळत, त्यासाठी घरात हौदही होता. त्यामुळे आपल्याला मिळाले ते शाळा बंद होताना उरलेले.

घरी पाटी करून लिहून पाहता येईल का?

जरूर करा. चित्रे पाहून जे आठवड्यात कळत नाही ते एका दुपारी कळते.

- गणपतीच्या मूर्तींसाठी मिळणारी शाडू माती चालते. तळहातात मावेल अशा पाटीला, म्हणजे ६ × ४ सेंमी आणि २ सेंमी जाडीला, सुमारे १०० ग्रॅम भिजवलेली माती घ्या. खडे काढून चांगली मळा, हवेचे फुगे राहू देऊ नका.
- एक बाजू सपाट ठेवा, दुसरी किंचित फुगीर. खऱ्या पाट्यांतही बहुधा सपाट ती पुढची बाजू.
- मूळ लेखणी बोरूची. चौकोनी टोकाची चॉपस्टिक किंवा चौकोनी तासलेली बांबूची काडी चालेल. टोकाचा कोपरा तिरका दाबा आणि उचला. ओढायचे नाही. ओढले की माती कडेला उचलली जाते आणि खिळ्याची धार जाते.
- आडवा, उभा आणि नुसत्या कोपऱ्याचा असे तीन ठसे आधी बसवा. खिळ्याचे डोके डावीकडे किंवा वर येते. मग एक आडवा, त्यावर एक उभा: हे ‘मश’, म्हणजे बोकड.
- माती काडीला चिकटली तर ती फार ओली आहे, दहा-पंधरा मिनिटे थांबा. ठशाभोवती बारीक भेगा पडल्या तर ती सुकली आहे, पाण्याचा हात फिरवून पुन्हा मळा.
- पुढची बाजू भरली की पाटी पुस्तकाच्या पानासारखी उलटू नका. खालच्या कडेवरून उलटा, म्हणजे ओळ कडेवरून सलग मागे जाते.
- तीन-चार दिवस सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आकसतो आणि पाटी तडकते.

मेलुह्हा म्हणजे आपली सिंधू संस्कृती का?

मेलुह्हा हे सुमेरी आणि अक्कादी लेखांत येणारे एका दूरच्या देशाचे नाव. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या लेखांपुरते बहुतेक अभ्यासक ‘हो’ म्हणतात. अक्कादचा राजा सारगोन आपल्या धक्क्याला मेलुह्हा, मगान (आजचा ओमानकडचा भाग) आणि दिल्मुनची (बहरीन) जहाजे लागत असल्याचे सांगतो. उरच्या राजकबरींत पांढरी नक्षी काढलेले कार्नेलियनचे (तांबड्या अकीकाचे) मणी मिळाले, ते सिंधू खोऱ्यातल्या कारागिरीचे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कादी काळातली एक दंडगोल मुद्रा आहे. तिचा मालक शू-इलिशू, धंदा ‘मेलुह्हा भाषेचा दुभाषा’. दुभाषा लागत होता, म्हणजे दोन्हींकडची भाषा एक नव्हती, हे सुमेरी आणि सिंधू भाषा एकच मानणाऱ्यांनी विचारात घ्यावे. पहिल्या सहस्रकातल्या लेखांत मेलुह्हा हे नाव आफ्रिकेतल्या नुबियासाठी येते, म्हणून आधी पाटीचा काळ पाहा.

अनुन्नाकी परग्रहावरून आले असे पाट्यांत लिहिले आहे का?

नाही. ‘अनुन्ना’ हे देवांच्या समूहाचे नाव आहे. त्यांचा ग्रह म्हणून सांगितले जाणारे निबिरू हे नाव बाबिलोनी खगोलग्रंथांत येते, पण तिथे त्याचा संबंध मार्दुक देवाशी आणि गुरू ग्रहाशी लावलेला आहे. सूर्यमालेत आणखी एक ग्रह असल्याचे एकही पाटी सांगत नाही.

एन्हेदुआन्ना ही जगातली पहिली ज्ञात कवयित्री का?

सारगोनची ही मुलगी, उरच्या नन्ना देवाची मुख्य पुजारीण, ऐतिहासिक आहे हे नक्की. तिच्या नावाची दगडी तबकडी उरला सापडली. तिच्या नावावरच्या कवितांच्या प्रती मात्र मुख्यतः तिच्यानंतर काही शतकांनी शाळांत उतरवलेल्या आहेत. म्हणून कर्तृत्वाबद्दल मतभेद आहेत. त्या कवितांचा आवेश जबरदस्त आहे, वाद बाजूला ठेवूनही त्या वाचाव्यात.

महाराष्ट्रात काही पाहता येते का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अश्शूरी, म्हणजे असिरियन, शिल्पपट आहेत. ते सुमेरनंतर हजाराहून अधिक वर्षांनी घडवलेले आहेत. मेसोपोटेमियाची कारागिरी डोळ्यांनी पाहण्यासाठी ते उत्तम, पण त्यांना सुमेरी म्हणू नका.

ऑनलाइन लिलावातून एखादी पाटी विकत घ्यावी का?

घेऊ नका. १९९१ नंतर आणि विशेषतः २००३ नंतर दक्षिण इराकमधली स्थळे अक्षरशः खणून लुटली गेली. ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या वस्तूंचा व्यापार संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या ठराव क्रमांक १४८३ नुसार रोखायचा आहे. बनावट मालही भरपूर: साचा एकच असल्याने दोन ‘वेगळ्या’ पाट्यांवर तोच तडा, तेच खिळे दिसतात. लुटलेल्या पाटीचा थर, खोली, शेजारच्या पाट्या, सगळे पुसले जाते आणि अभ्यासकाला खरे तर तेच हवे असते.

एकाच कवितेची भाषांतरे इतकी वेगळी का?

कारण ऑनलाइन दिसणारा पाठ बहुधा डझनावारी तुटक्या प्रतींवरून जुळवलेला असतो. इनान्ना या देवीवरची ‘इनान्नाचे पाताळगमन’ ही कविता जुळवताना एकाच पाटीचा एक तुकडा इस्तंबूलला आणि दुसरा फिलाडेल्फियाला निघाला. नवा तुकडा मिळाला की ओळी बदलतात. लिप्यंतरातले चौकटी कंस म्हणजे तिथे पाटी तुटलेली आहे आणि मजकूर संपादकाने भरलेला आहे. एखादा जोरदार दावा नेमक्या कंसातल्या शब्दावर उभा असेल तर तो सोडून द्या.

शिकायला सुरुवात कशी करावी?

फोटो आणि लिप्यंतरासाठी सीडीएलआय हा कीलाक्षर पाट्यांचा खुला ऑनलाइन संग्रह, शब्दांसाठी पेनसिल्व्हेनियाचा ऑनलाइन सुमेरी कोश, साहित्यासाठी ऑक्सफर्डचा सुमेरी साहित्य-संग्रह. व्याकरणासाठी लायडनचा याखर्स्मा यांचा २०१० चा प्रबंध आणि झोल्योमी यांचे २०१७ चे पाठ्यपुस्तक, दोन्ही मोफत मिळतात. झोल्योमींपासून सुरुवात करा, याखर्स्मा संदर्भाला ठेवा.

पावत्या वाचायला शे-सव्वाशे चिन्हे पुरतात. चिन्हांचा तक्ता मात्र त्याच काळाचा घ्या. बऱ्याच पुस्तकांतला तक्ता नव-अश्शूरी असतो, आणि तो हजार-दीड हजार वर्षे आधीच्या पाटीला लावला की काहीच जुळत नाही. संगणकावरच्या युनिकोड फॉन्टवरही विसंबू नका, त्यात चिन्हाचे एकाच काळातले रूप दिसते.

सीडीएलआयवरच्या वाचनात चूक आढळली तर?

दुरुस्त्या ते स्वीकारतात. ‘पी’ने सुरू होणारा पाटीचा क्रमांक, बाजू, ओळ, सध्याचे वाचन, तुमचे वाचन आणि फोटोत ते चिन्ह कुठे दिसते ते कळवा. त्याच लेखकाच्या दुसऱ्या पाटीवरचे तेच चिन्ह सोबत दाखवता आले तर काम लवकर होते.